बाउले मुखवटे आणि लाकडी पुतळ्या: ओळखताना, घेताना, जपताना या चुका टाळा

पोटावर टेकलेले दोन्ही हात, लांब मान, किंचित वाकलेले गुडघे, भरलेल्या पोटऱ्या आणि वेणी न् वेणी मोजता येईल असा कोरलेला केशसंभार. बाउले पुतळी हातात घेतली की ओळख पटल्यासारखी वाटते, आणि नेमकं तिथेच चुकायला होतं. या लोकांच्या लाकूडकामात रूप एक आणि काम वेगळं, असं फार वेळा असतं. नुसता चेहरा बघून निदान करू नका.

बाउले लोक कोत दिव्हारचे, म्हणजे आपण ज्याला आयव्हरी कोस्ट म्हणतो त्या देशाच्या मध्य भागातले. बुआके, साकासू, यामुसुक्रो हा त्यांचा मुलूख. बान्दामा आणि कोमोए या नद्यांमधला. घानातल्या असान्ते लोकांचे ते भाईबंद. अठराव्या शतकात राणी अब्ला पोकू आपली माणसं घेऊन असान्ते राज्यातून निघाली आणि कोमोए ओलांडण्यासाठी तिने पोटचं मूल नदीला दिलं, अशी त्यांची परंपरा सांगते. ‘बाउले’ या नावाचा अर्थ ते ‘मूल गेलं’ असाच लावतात.

प्रत्येक पुतळीला ‘पूर्वज’ म्हणणं

दुकानातल्या चिठ्ठीवर हमखास ‘पूर्वजाची मूर्ती’ लिहिलेलं असतं. जुन्या पुस्तकांतही हे सापडतं. ते चूक आहे.

बाउले समजुतीप्रमाणे माणूस जन्माला येण्याआधी ‘ब्लोलो’ या दुसऱ्या जगात असतो आणि तिथे त्याचा संसार असतो. पुरुषाची तिथली बायको ती ‘ब्लोलो ब्ला’, बाईचा तिथला नवरा तो ‘ब्लोलो बिआन’. इथल्या संसारात काही बिनसलं, मूल होईना, त्रासदायक स्वप्नं पडू लागली, की माणूस ‘कोमिएन’कडे, म्हणजे अंगात येणाऱ्या जाणत्याकडे जातो. तिथला जोडीदार रागावलाय, असं निघालं तर त्याची पुतळी घडवून घ्यायची. केस कसे, अंगावरचे गोंदणासारखे उठाव कुठे, हे स्वप्नातून कळतं. मग ती पुतळी झोपायच्या खोलीत राहते. तिला पुसायचं, तेल लावायचं, नाणी आणि खाणं ठेवायचं, आणि आठवड्यातली एक रात्र तिच्यासाठी राखून एकट्याने झोपायचं.

दुसऱ्या प्रकारच्या पुतळ्या ‘आसिए उसू’च्या. हे रानातले, पाण्यातले आत्मे. ते एखाद्याच्या मागे लागतात, त्याला छळतात, आणि त्यांना बसायला सुंदर जागा करून दिली की त्याच माणसाला भविष्य सांगायची ताकद देतात. कोमिएनच्या बैठकीत दिसतात त्या याच. त्यांना अंडं, कोंबडीचं रक्त वाहिलं जातं.

कोरीवकाम दोन्हींचं सारखंच, कारागीरही तोच असू शकतो. फरक बघायचा तो पृष्ठभागावर. ब्लोलोची पुतळी हातांनी गुळगुळीत झालेली असते; गालांवर, खांद्यांवर, केसांच्या उंचवट्यांवर मऊ तुकतुकी आलेली. आसिए उसूच्या अंगावर बहुधा वाळलेल्या नैवेद्याचा राठ थर असतो, कधी डोळ्यांभोवती पांढऱ्या मातीचे अवशेष. पण हीही खात्रीची खूण नाही, कारण विक्रेते तो थर खरवडून लाकूड चकचकीत करत आले आहेत. परदेशी गिऱ्हाइकाला स्वच्छ पुतळी आवडते. त्यामुळे कानामागचे, बोटांमधले, पायांच्या बेचक्यातले कोपरे भिंगाने बघा. थर राहिला असला तर तिथेच राहतो. ही पुतळी कोणाकडे होती हे माहीत नसेल, तर नोंद करताना ‘बाउले पुतळी’ एवढंच लिहा. त्यांच्या भाषेतही तिला साधं ‘वाका स्रान’ म्हणतात, लाकडाचा माणूस.

कोट-टोपीतली पुतळी म्हणजे साहेबाची टवाळी, असं समजणं

सूट, बूट, ऊन लागू नये म्हणून घातलेली जाड टोपी, हातात घड्याळ. अशा पुतळ्या ‘वसाहतवाले’ म्हणून विकल्या जातात आणि घेणारा समजतो, ही फ्रेंच अधिकाऱ्याची थट्टा. पर्यटकांसाठी तशा ढिगाने बनतात हे खरं. पण बाउले घरात असलेला सूटवाला हा पुष्कळदा ब्लोलोतला नवराच असतो. आपला तिथला जोडीदार नोकरीवाला, पैसेवाला, नव्या जमान्याचा असावा, ही बाईची इच्छा त्या कपड्यांत कोरलेली आहे. मला तर या पुतळ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या वाटतात.

मुखवटा म्हणजे भिंतीवरचा चेहरा

सर्वांत ओळखीचा बाउले मुखवटा ताटासारखा गोल, वर दोन शिंगं, मोठे डोळे, चौकोनी तोंड. हा ‘क्प्ले क्प्ले’. तो ‘गोली’ या दिवसभर चालणाऱ्या नाचातला, आणि तो एकटा कधीच नसतो. गोलीत मुखवट्यांच्या चार जोड्या क्रमाने येतात: आधी क्प्ले क्प्ले, मग जनावराच्या जबड्याचा गोली ग्लिन, मग शिंगांचा क्पान प्रे आणि शेवटी मानाचा, स्त्रीमुखाचा क्पान. लहानांनी सुरुवात करायची, थोरांनी सांगता. मुखवट्याखाली राफिया या ताडजातीच्या झाडाच्या झावळ्यांचा दाट घागरा असतो, सोबत भोपळ्याचे खुळखुळे. एकुलता क्प्ले क्प्ले विकत घेऊन ‘हा त्यांचा सूर्यदेव’ असं सांगणारे मी ऐकले आहेत. तसं काही नाही.

शिवाय गोली मुळात बाउलेंचा नव्हेच. शेजारच्या वान लोकांकडून तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी उचलला. तेव्हा ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे वाक्य इथे लिहू नका.

‘म्ब्लो’चे मुखवटे वेगळे. शांत, मिटल्यासारखे डोळे, लांब नाक, रेखीव केस. ही खऱ्या, हयात माणसाची प्रतिमा असते, बहुतेक वेळा गावातल्या नावाजलेल्या नर्तकीची, आणि मुखवटा नाचतो तेव्हा ती व्यक्ती स्वतः त्याच्यासोबत नाचते. मुखवट्याला तिचा ‘न्दोमा’, म्हणजे दुसरं रूप म्हणतात. ओवी किमू या कारागिराने 1913 च्या सुमारास मोया यान्सो या स्त्रीचा असा मुखवटा घडवला, आणि ती म्हातारपणी पाय साथ देईनासे होईपर्यंत त्याच्याबरोबर नाचत राहिली. म्हणून ‘कलाकार अज्ञात’ हा शिक्का मारताना थांबा. गावात कारागीर ठाऊक असायचा. वस्तू घेऊन जाणाऱ्यांनी नाव विचारलं नाही, एवढंच.

तिसरा प्रकार ‘बोनु आमुइन’, रानातल्या दैवतांचा. डोक्यावर आडवा चढवायचा, शिंगं आणि दात असलेला भयकारी मुखवटा. तो स्त्रियांनी बघायचा नसतो. गावावर संकट आलं, मोठा पुरुष गेला, तर तो निघतो. तो दिवाणखान्यात टांगायची वस्तू आहे का, याचा विचार घेण्याआधी करा. मी तो घेणार नाही.

शेजाऱ्यांची गल्लत तर नेहमीची. कडेने करवतीसारखी दातेरी किनार असेल तर मुखवटा याउरे लोकांचा असण्याची शक्यता जास्त. चपट्या, तबकडीसारख्या डोक्याची बाहुली असान्तेंची ‘अकुआबा’, बाउलेंची नव्हे.

काळं म्हणजे जुनं

पोटॅशियम परमँगनेट, बुटाचं पॉलिश, चुलीचा धूर, काही महिने वारुळात पुरून ठेवणं: नवं लाकूड आठवड्या-महिन्यांत ‘शतकापूर्वीचं’ करण्याचे हे जुने मार्ग. म्हणून मुखवटा आधी उलटा करा. नाचलेल्या मुखवट्याच्या आत कपाळ, नाक, हनुवटी टेकते तिथलंच लाकूड घासून, घामाने गडद झालेलं असतं. बाकी आतला भाग तसा नसतो, आणि वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव अजून हाताला लागतात. आतून सगळीकडे सारखाच काळा रंग असेल तर तो फासलेला समजा. कडेच्या भोकांकडेही बघा. राफिया बांधून ओढलेल्या भोकाच्या कडा एकाच बाजूने झिजतात.

हेच मागावरच्या कप्पीला लागू. ताण्याचे धागे वर-खाली करणारी दोरी या कप्पीवरून जायची, आणि विणकर समोर बघण्यासाठी तिच्यावर सुंदर मुंडकं कोरून घ्यायचा. चाकाचा आस जिथे बसतो ती भोकं लांबट झालेली नसतील, तर कप्पी मागावर कधी टांगलीच गेली नाही.

हस्तिदंत, बिबट्याचं कातडं लावलेली वस्तू अजिबात आणू नका. आंतरराष्ट्रीय करार आणि आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, दोन्ही आड येतात.

ओलं फडकं, तेल आणि पावसाळा

मी स्वतः एका कप्पीला ‘लाकूड कोरडं पडलंय’ म्हणून जवसाचं तेल चोळलं. महिनाभरात ती चिकट झाली, धूळ धरू लागली, आणि वर्षानुवर्षांच्या हातांनी आलेली झिलई एकसारख्या काळपट थराखाली गेली. ती परत येत नाही. बाउले मालक पुतळीला तेल लावायचा तो त्या नात्याचा भाग होता. आपण लावलेलं तेल फक्त पुरावा पुसतं. मऊ, कोरडा ब्रश पुरे. थर असलेल्या पुतळीला तोही जपून.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर मुखवटा टांगू नका, मागे ओल धरते. एसीच्या झोतासमोरही नको. ओल-सुकं होत राहिलं की लाकूड तडकतं.

खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर भुंगेरा जिवंत आहे. रॉकेल, फवारा काही मारू नका. न रंगवलेली, एकाच ठोकळ्यातून कोरलेली वस्तू असेल तर कोरड्या टिपकागदात गुंडाळा, पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा काढून चिकटपट्टीने बंद करा आणि उणे 18 ते 20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. रंगाचे किंवा नैवेद्याचे थर असतील तर हे घरी न करता संवर्धकाला दाखवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका. दव पिशवीवर धरू दे, लाकडावर नको.