छातीत कळ आली तर: पहिल्या दोन तासांचा हिशोब

छातीच्या मधोमध आवळल्यासारखं दुखतंय, कळ खांद्यात, डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय आणि अंगाला गार घाम फुटलाय, असं असेल तर ते पित्त नाही असं धरूनच चाला. आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ जातो तो ओवा, सोडा आणि जिऱ्याच्या पाण्यात. ढेकर येऊन थोडं बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे असं ठरत नाही. साखरेच्या रुग्णांत नसांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे बऱ्याचदा छातीत फारसं दुखतच नाही. नुसता दम लागतो, उलटी होते, अंग गळून जातं. बायका आणि म्हाताऱ्या माणसांचंही बऱ्याचदा असंच होतं. एका बोटाने दाखवता येणारं, दाबल्यावर किंवा श्वास घेताना वाढणारं दुखणं सहसा बरगडीचं किंवा स्नायूचं असतं. तरीही वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी, साखर, तंबाखू, मिश्री यांपैकी काही असेल तर ईसीजी काढल्याशिवाय निवांत होऊ नका.

रुग्णाला भिंतीला टेकवून, गुडघे दुमडून बसवा. चालवू नका, जिना चढवू नका आणि मोटारसायकलवर मागे तर बसवूच नका. वाटेत शुद्ध हरपली तर सावरता येत नाही. 108 ला फोन करा आणि गाव, तालुका, जवळची खूण सांगा. गाडीला उशीर असेल तर शेजाऱ्याची चारचाकी काढा.

अ‍ॅस्पिरिन 300 ते 325 मिलिग्रॅम चावून खायला द्या. घरात इकोस्प्रिन 75 असेल तर चार गोळ्या. त्या गोळीवर आवरण असतं. नुसती गिळली तर औषध उशिरा लागू पडतं, म्हणून चावायची. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच होत असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल, तर देऊ नका. जिभेखाली ठेवायची, रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेट गोळी डॉक्टरांनी आधीच लिहून दिली असेल तरच, आणि तीही बसवूनच. चक्कर येत असेल, बीपी उतरलं असेल किंवा रुग्णाने गेल्या एक-दोन दिवसांत लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल, तर ती नको. बीपी एकदम कोसळतं. रुग्ण हे आपणहून सांगत नाही, म्हणून लाज सोडून विचारा.

माणूस कोसळला, हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

आता कुठं न्यायचं? लोक थेट बेळगाव, नाहीतर कोल्हापूर गाठतात. आमचं मत वेगळं आहे: आधी जिथं ईसीजी लवकर निघेल तिथं जा. दारात पोचल्यापासून दहा मिनिटांत तो निघायला हवा. त्यात रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण, म्हणजे ईसीजीच्या रेषेतला एसटी नावाचा भाग वर उचललेला, दिसली तर दोन रस्ते असतात. निदान झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडून त्यात स्टेंट ही जाळी बसवणं) होणार असेल तर तीच उत्तम. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडून पावसाळ्यात निघालात तर हा हिशोब सहसा जुळत नाही. मग आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. ते 12 तासांपर्यंत देतात, पण खरा फायदा पहिल्या तीन तासांत. कर्नाटकात पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत हे इंजेक्शन (टेनेक्टेप्लेज) सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतं. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ते आहे का आणि रात्री ईसीजी निघतो का, हे आजच जाऊन विचारून ठेवा. पूर्वी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे लकवा किंवा मोठं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. अशा वेळी इंजेक्शन देत नाहीत.

इंजेक्शन दिल्यावर तिथंच थांबायचं नाही. 60 ते 90 मिनिटांत ईसीजी सुधारला नाही तर ताबडतोब अँजिओप्लास्टी लागते. सुधारला तरी 24 तासांत अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी). म्हणून लगेच पुढं निघा आणि ईसीजीचा कागद, इंजेक्शनची वेळ लिहिलेली चिठ्ठी सोबत घ्या.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतणं ही नेहमीची चूक. दुखत असेल तर 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा. ट्रोपोनिन ही रक्ततपासणीसुद्धा पहिल्या काही तासांत निगेटिव्ह येऊ शकते, ती काही तासांनी पुन्हा करावी लागते.

खर्चासाठी रेशन कार्ड आणि आधार एकाच पिशवीत ठेवा. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत. सीमाभागातल्या 865 गावांना 2023 पासून महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजनाही लागू केली आहे.

घरी आल्यावर रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायाला सूज आली किंवा आडवं पडल्यावर दम लागला तर अंगात पाणी साठतंय, डॉक्टरांना कळवा. लोणचं, पापड, खारातली मिरची बंद. नाडी सारखी चुकत असेल तर तोही ईसीजीचाच विषय, कारण त्यातून लकवा येऊ शकतो. स्टेंट बसवला असेल तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. दात काढायचा असला तरी त्या आपणहून बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी धरण्याचं एक मोठं कारण अशी बंद केलेली गोळीच असते.