ओझोन मोजताय? आधी या चुका टाळा

जमिनीलगतचा ओझोन कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. गाड्यांतून आणि कारखान्यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांतून उडणारी वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो. एवढं डोक्यात पक्कं नसताना लोक गच्चीवर सेन्सर टांगतात आणि आठवड्याभरात ‘निष्कर्ष’ काढतात. तेच ते घोळ निस्तरून कंटाळा आलाय, म्हणून लिहितोय.

घड्याळ आधी तपासा

पणजीत एका प्रकल्पाचं सादरीकरण होतं. पडद्यावर आलेख आला: ओझोन सकाळी नऊला सर्वाधिक. खाली कारणही तयार, शाळा-ऑफिसची रहदारी. समोरची मंडळी माना डोलवत होती, शाळांच्या वेळा बदलाव्यात अशी सूचनाही शेवटच्या स्लाइडवर होती. मी त्या मुलाला म्हटलं, याच सेन्सरच्या डबीतलं तापमान दाखव बघू. तापमान सकाळी साडेआठला सर्वाधिक आणि चढायला सुरुवात रात्री एकला! म्हणजे पणजीत मध्यरात्रीनंतर ऊन पडतं. “सर, सेन्सर खराब असेल,” तो म्हणाला. सेन्सर ठणठणीत होता. डबीतलं घड्याळ जीपीएसवर चालणारं, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेचं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. दुपारी अडीचचा ओझोन त्याने सकाळी नऊचा म्हणून वाचला होता.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आकडा चुकणं समजू शकतो, पण चुकीच्या आकड्याला लगेच पटण्यासारखी गोष्ट चिकटवायची घाई कशाला? सकाळच्या रहदारीत रस्त्यालगतचा ओझोन उलट पडतो. हे माहीत असतं तर आलेख बघताच शंका आली असती.

माझी सवय अशी: डबी बसवली त्याच दिवशी मनगटावरच्या घड्याळात बघून दहा मिनिटं वीज बंद करतो आणि वेळ वहीत लिहितो. संध्याकाळी तो खंड डेटामध्ये कुठे पडलाय ते शोधतो. नाही सापडला तर पुढे जात नाही. आणि साडेपाच तास एकदाच मिळवा. डबीतल्या लॉगरने (आकडे नोंदवणाऱ्या भागाने) मिळवलेत, वर एक्सेलमध्ये पुन्हा मिळवलेत, असंही पाहिलंय.

बसस्थानकावर ओझोन कमी, म्हणून हवा चांगली?

हे दुसरं आवडतं खूळ. गाडीच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला गिळतो आणि त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. त्यामुळे पणजीच्या कदंब बसस्थानकासारख्या ठिकाणी ओझोन कमी दिसणारच. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की शहराचा सगळा माल आत, पूर्वेकडे सरकतो आणि वाटेत ओझोन बनत जातो. रस्ते रिकामे आणि ओझोन जास्त, हेही घडतं. २०२० च्या टाळेबंदीत जगातल्या अनेक शहरांत नायट्रोजनचे ऑक्साइड घसरले आणि ओझोन चढला.

म्हणून मी ओझोनचा आकडा एकटा वाचतच नाही. ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांची पीपीबीमधली (हवेच्या अब्ज भागांत किती भाग) बेरीज करतो. बेरीज तशीच आणि ओझोन खाली, तर तो फक्त रूप बदलून शेजारच्या रकान्यात बसलाय. एकच डबी असेल तर ती चौकात लावू नका. दोन असतील तर एक रस्त्यावर, दुसरी वाऱ्याच्या दिशेने चार-पाच किलोमीटर आत. त्यातही स्वस्त इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर नायट्रोजन डायऑक्साइडलाही ओझोन समजतो, हे विसरू नका.

एककांचा घोळ थोडक्यात. भारतीय मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये आहे: आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १००, एका तासाला १८०. डबी दाखवते पीपीबी. एक पीपीबी म्हणजे जवळपास दोन मायक्रोग्रॅम. आठ तासांची सरासरी ६० पीपीबी बघून “शंभराच्या आत आहे” म्हणणाऱ्याच्या हवेने मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

उपग्रहाचा एकूण ओझोन बघून शहराबद्दल बोलू नका. त्यातला सुमारे ९० टक्के डोक्यावर कित्येक किलोमीटर उंच असतो.

पावसाळ्यात मोठ्या यंत्रांचीही गंमत होते. खोलीत एसी १८ वर, बाहेर जूनची दमट हवा. बाहेरची हवा यंत्राकडे आणणारी नळी खोलीत शिरते तिथे ती आतून पाणी धरते आणि आकडे नाचायला लागतात. मी एसी २६ वर ठेवतो, त्याचा झोत नळीवर येऊ देत नाही आणि नळीला फोम गुंडाळतो. नळी टेफ्लॉनचीच हवी. रबराची स्वस्तात मिळते, पण ओझोन वाटेतच खाते. धुळीने माखलेला फिल्टरही तेच करतो. मार्चमध्ये केलेलं कॅलिब्रेशन (प्रमाणित आकड्याशी यंत्र जुळवणं) जुलैत चालेल, असं समजणाऱ्यांना नमस्कार.

आता अंदाज. नवख्यांना पहिल्याच दिवशी मशीन लर्निंग हवं असतं. आधी “उद्याचा ओझोन आजच्याइतकाच” हा फुकटचा अंदाज महिनाभर चालवा. तुमचं मॉडेल त्याला हरवत नसेल तर ते अजून कुणाला दाखवू नका. मे-जूनवर तपासणी जरूर करा, कारण पाऊस लागला की ओझोन कोसळतो आणि फक्त उन्हाळ्यावर शिकलेलं मॉडेल उन्हाळाच सांगत बसतं. जागतिक मॉडेलचे आकडे उतरवून घेत असाल तर चौकटीचा आकारही बघा. युरोपच्या कोपर्निकस या हवा-निरीक्षण सेवेच्या जागतिक अंदाजाची चौकट सुमारे ४० किलोमीटरची आहे. गोवा उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर, म्हणजे किनाऱ्यावरच्या चौकटीत अर्धा समुद्रच यायचा. तो आकडा ‘म्हापशाचा उद्याचा ओझोन’ म्हणून छापणं ही फसवणूक आहे, मग तो दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत का लिहिलेला असेना.

आणि वीज गेली त्या तासांत शून्य भरू नका. रिकामं ते रिकामंच ठेवा.