चॅनलवरून फोन आला तर काय करायचं: सायकियाट्रिस्ट आणि काउन्सेलर मंडळींसाठी

इलेक्शन आलं की फोन येतोच, "डॉक्टर, अमुक नेत्याच्या मानसिकतेवर पाच मिनिटं बोलाल का, आठला लाइव्ह आहे." लगेच हो म्हणू नका. विषय नेमका काय, बरोबर कोण कोण आहे आणि स्क्रीनवर खाली पट्टीत काय लिहिणार ते आधी विचारून घ्या, कारण तुम्ही कितीही जपून बोललात तरी लोकांच्या लक्षात पट्टीच राहते.

पण जा. आपण गप्प बसलो की तिथे कुणीही ज्ञान पाजळतं.

फक्त नेत्याचं निदान करायचं नाही, कितीही मोह झाला तरी. १९६४ ला अमेरिकेत फॅक्ट नावाच्या मासिकानं १२ हजारांवर सायकियाट्रिस्टना विचारलं, बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या फिट आहेत का? २,४१७ जणांनी उत्तर दिलं, त्यातले १,१८९ नाही म्हणाले, तेही न तपासता! गोल्डवॉटर निवडणूक हरले पण मानहानीची केस जिंकले, आणि १९७३ ला तिथल्या सायकियाट्रिस्टच्या संघटनेनं नियमच केला की स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय असं मत द्यायचं नाही. आपल्याकडे २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टचं कलम ३ पण सांगतं की राजकीय, आर्थिक, सामाजिक स्टेटस बघून कुणाला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही.

अँकर सोडत नाही, "एवढंच सांगा, नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला, म्हणायचं का?" तेव्हा सरळ म्हणा, "मी त्यांना तपासलेलं नाही, आणि तपासलं असतं तर इथे बोललोच नसतो. पण अशा भाषणानं लोक का घाबरतात, का चिडतात ते सांगतो." आणि खरंच ते सांगा, दोन वाक्यात.

पॅनलवर कुणी "याला येरवड्याला पाठवा" (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) म्हणालं तर तिथल्या तिथे अडवा, आपले पेशंट घरी बसून ते ऐकत असतात हो. मग विषय आपल्याकडे वळवा, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही चार सरकारी मनोरुग्णालयं, तिथला स्टाफ, जिल्ह्यात औषधं मिळतात का, कायद्यात असूनही इन्शुरन्सवाले मानसिक आजाराचा क्लेम देताना का कटकट करतात. राजकारण म्हणजे हेच तर आहे.

पेशंटचा किस्सा नाव बदलूनही नको. "सोलापूरजवळच्या गावातले एक मास्तर" एवढ्यावरून अख्खा तालुका ओळखतो.

पक्षाबद्दल मत असेल तर नागरिक म्हणून मांडा, पण "सायकॉलॉजीनुसार" हा शिक्का मारू नका. दुसऱ्या पक्षाचा पेशंट सेशनमध्ये म्हणाला "तुमचा व्हिडिओ बघितला," तर स्वतःची बाजू मांडत बसू नका, त्याला काय वाटलं ते आधी ऐका.

आत्महत्येचा विषय निघाला तर पद्धत, चिठ्ठी यावर एक शब्दही नाही, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर स्क्रीनवर लावायला शो सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा.