दगड न घेता दगड कसा फेकायचा : मेयरहोल्डची बायोमेकॅनिक्स तालमीत आणताना

एकांकिकेच्या तालमीत हे सतत दिसतं, पोराला वाक्यं चोख पाठ असतात, मनातून पण तो खरा असतो, पण हातांचं काय करायचं तेच कळत नाही, मग ते खिशात जातात नाहीतर मांडीवर आपटत राहतात. यावर मला सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट म्हणजे रशियन दिग्दर्शक व्सेवोलोद मेयरहोल्डने १९२० नंतर मॉस्कोत उभी केलेली बायोमेकॅनिक्स, म्हणजे नटाचं शरीर घडवायची पद्धत. नाव ऐकून लोकांना वाटतं कवायत असणार किंवा माणसाचं यंत्र करायचा प्रकार असणार. कारखान्यातल्या कामगाराच्या हालचाली मोजायच्या टेलरच्या पद्धतीचा त्यावर प्रभाव आहेच, ते मेयरहोल्ड स्वतःच सांगायचा. पण करून बघितलं की कळतं, हे प्रकरण विचार दिसण्याचं आहे, म्हणजे नटाच्या मनात काय चाललंय ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला शरीरातून दिसलं पाहिजे.

थोडं मागचं सांगतो, कारण ते माहीत असलं की व्यायाम आंधळेपणाने होत नाही. मेयरहोल्ड मॉस्को आर्ट थिएटरमधला नट, १८९८ च्या चेखॉवच्या 'सीगल' नाटकात त्याने त्रेप्लेवची भूमिका केली होती. पण स्टेजवर हुबेहूब घर उभं करायचं आणि प्रेक्षक नाहीतच असं वागायचं हे त्याला पुढे पटेना. २५ एप्रिल १९२२ ला त्याने 'मॅग्नॅनिमस ककोल्ड' नावाचं एका संशयी नवऱ्याचं नाटक केलं, चित्रकार ल्युबोव पोपोवाने त्यासाठी पडदे, विंगा काही न लावता नुसता लाकडी सांगाडा बांधला होता, त्यात जिने, घसरगुंडी, मोठी चाकं, आणि नवऱ्याचा संशय वाढला की ती चाकं फिरायला लागायची. नटांच्या अंगावर साधे निळे कामाचे कपडे. आता अशा उघड्या सांगाड्यावर सोफ्यात बसून करायचा अभिनय चालणारच नाही ना, तिथे तोल पाहिजे, उडी पाहिजे, नेमका थांबा पाहिजे. (आपल्याकडे १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं तेव्हा ओढ नाटककार इब्सेनच्या वास्तववादाकडे होती, ते फार मोठं काम होतं, पण शरीराची ही बाजू मला वाटतं तेव्हा आपल्यापर्यंत आलीच नाही.)

तर सुरुवात कशी करायची. जागा मोकळी हवी, शाळेचा हॉल मिळाला तर उत्तम, पण गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून अजिबात करू नका. आमच्याकडे एका मुलाचा पाय असाच मुरगळला आणि त्याची ऐन प्रयोगाच्या आठवड्यात तालीम बुडाली. अनवाणी करा किंवा पातळ तळव्याचे बूट घाला. शिवाय साधारण छातीपर्यंत येईल अशी एक काठी लागेल, झाडूचा दांडा पण चालतो. आरसा नको. मेयरहोल्डचं म्हणणं असं की नटाला स्वतःचं शरीर बाहेरून कसं दिसतंय ते आतून कळायला पाहिजे, आरसा लावला की ती सवय लागतच नाही, सगळे नुसते स्वतःचं तोंड बघत बसतात.

आता मुख्य गाभा. कुठलीही हालचाल घ्या, तिचे तीन भाग करायचे. पहिला ओत्काझ, म्हणजे नकार. जिकडे जायचंय त्याच्या उलट दिशेला आधी जायचं. हे परकं वाटत असेल तर गोट्या आठवा, गोटी मारायच्या आधी बोट मागे ताणतो की नाही? विटीदांडूत दांडू आधी मागे जातो. तोच ओत्काझ. दुसरा पोसिल, म्हणजे पाठवणी, खरी हालचाल. तिसरा तोचका, रशियनमध्ये पूर्णविरामालाही हाच शब्द आहे, म्हणजे हालचाल जिथे संपते तो स्वच्छ थांबा. आणि या सगळ्याला धरून ठेवणारा तोर्मोझ, म्हणजे ब्रेक. ब्रेक हा शेवटी एकदम दाबायचा नाही, पूर्ण हालचालभर हलका लावलेला असतो, घाटात गाडी उतरवताना असतो तसा. नवीन मुलं हेच विसरतात आणि शेवटी धाडकन थांबतात, मग गुडघे दुखतात.

पहिले काही दिवस फक्त काठी. तळहातावर काठी उभी तोलायची, नजर काठीच्या वरच्या टोकाकडे, आणि पायांनी तिच्या मागे जायचं. मग काठी उजव्या हातातून डाव्या हातात टाकायची, पण टाकायच्या आधी गुडघे किंचित खाली, हा ओत्काझ, मग सगळं अंग वर उठता उठता काठी सुटते, हा पोसिल, आणि दुसऱ्या हातात आली की थांबा, तोचका. हात नुसता खांद्यापासून हलला तर चूक, काठी पायातून टाकली गेली पाहिजे. बाजूला बसून बघणाऱ्याला हे लगेच दिसतं म्हणून जोड्या करा, एक करेल, एक बघेल.

मग दाक्तिल. एट्यूड म्हणजे ठरलेल्या हालचालींचा बांधलेला व्यायाम, आणि प्रत्येक एट्यूडच्या सुरुवातीला आणि शेवटी करायचा हा छोटा तुकडा. दाक्तिल हे ग्रीक छंदातल्या गणाचं नाव, एक दीर्घ दोन ऱ्हस्व, म्हणजे शाळेत 'यमाताराजभानसलगं' पाठ केलं असेल तर त्यातला आपला भगण, गुरू लघू लघू. सैल उभे राहा, गुडघे थोडे सुटे. अंग किंचित खाली बसतं आणि हात मागे जातात, तिथून एका लांब श्वासात हात वर, टाचा उचलून अख्खं अंग वर, हा गुरू. मग हात खाली येताना पटकन दोन टाळ्या, टाप् टाप्, हे दोन लघू, आणि त्याच ओघात अंग पुढे झुकून हात मागे निघून जातात. सात-आठ जणांच्या टाळ्या एका क्षणी पडल्या की हॉलमधली हवाच बदलते, सगळे एका तालात येतात. ते होईपर्यंत पुढे जाऊ नका, आम्हाला तीन तालमी लागल्या.

आता एट्यूड. आज शिकवले जाणारे जुने एट्यूड पाच, बाण मारणे, दगड फेकणे, थप्पड, खंजिराचा वार आणि छातीवर उडी. शेवटचे तीन जोडीने करायचे असतात, त्यात पडायची-लागायची भीती असते, ते शिकवणाऱ्याशिवाय करूच नका. दगड फेकण्यापासून सुरुवात करा. शिकवणाऱ्यागणिक तपशील थोडा बदलतो, मी आमचा सुटसुटीत आराखडा सांगतो. दाक्तिल झाला की दगडाकडे धावायचं, पण आधी अंग मागे. चार-पाच पावलं, थांबा. आता वाकायचं, तर वाकायच्या आधी चवड्यांवर वर उठायचं, हा ओत्काझ, मग एका गुडघ्यावर खाली आणि हात जमिनीशी. दगड नाहीये, पण वजन आहे. उठताना उजवा हात जड, त्यामुळे अंग डावीकडे कलतं, कलू द्या, तिथेच दगड दिसतो. मग निशाणा, डावा हात पुढे, नजर लांब. मग मोठा ओत्काझ, सगळं वजन मागच्या पायावर, दगडाचा हात पार मागे, आणि इथे एक क्षण थांबून राहायचं. मग दोन पावलं आणि फेक. दगड सुटला की शरीर त्याच्या मागे खेचलं जातं, ब्रेक. लागला का ते बघायचं. परत दाक्तिल.

सगळं आधी अतिशय हळू करा, एकाने आकडे मोजायचे, मग तालावर, मग वेगात. भावना आणायचा प्रयत्न अजिबात करू नका, चेहरा मोकळा ठेवा. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सचं अस्वलाचं उदाहरण मेयरहोल्डच्या विचाराशी नेहमी जोडलं जातं, अस्वल दिसलं, पळालो, मग घाबरलो, म्हणजे शरीर आधी आणि भीती नंतर. आमच्यातली एक मुलगी, एरवी एकदम शांत, तो मागचा थांबा धरून उभी होती आणि तिच्या मानेची शीर ताठ झाली, श्वास अडकला, डोळे बदलले, कोणी तिला राग आण असं सांगितलंच नव्हतं. फेकून झाल्यावर ती म्हणाली, मला खरंच कोणाला तरी मारायचं होतं.

हे प्रवेशात आणायचं म्हणजे स्टेजवर दगड फेकायचे नाहीत, हा गैरसमज फार होतो आणि मग प्रयोग कसरतीसारखा दिसतो. प्रवेशातलं एकच वाक्य घ्या, समजा मुलगा बापाला म्हणतो, "मी चाललो." आधी तो नुसता दाराकडे चालत बोलायचा. आता दाराकडे जायच्या आधी त्याला अर्धं पाऊल बापाकडे जाऊ द्या, तिथे क्षणभर थांबू द्या, मग वळून दार, आणि उंबऱ्यावर तोचका, वाक्य तिथे. त्या अर्ध्या पावलात त्याला जायचं नाहीये हे सगळं थिएटर वाचतं. मोठा ओत्काझ एका प्रवेशात एक-दोनच ठेवा, प्रत्येक वाक्याला केलात तर त्याची किंमत जाते.

एक गोष्ट तालमीत मी नेहमी सांगतो. मेयरहोल्डचं थिएटर जानेवारी १९३८ मध्ये बंद केलं गेलं, जून १९३९ मध्ये त्याला अटक झाली आणि २ फेब्रुवारी १९४० ला गोळी घातली. त्याचं नाव घ्यायची चोरी होती. त्याचे कागद सिनेदिग्दर्शक आयझेनस्टाइनने, जो त्याचाच विद्यार्थी, लपवून ठेवले म्हणून वाचले. पण एट्यूड कागदावरून शिकता येत नाहीत, ते निकोलाय कुस्तोव नावाच्या त्याच्या नटाच्या अंगात राहिले होते, आणि १९७० नंतर म्हातारपणी त्याने मॉस्कोच्या सटायर थिएटरमधल्या तरुण नटांना ते करून दाखवले. बोग्दानोव आणि लेविन्स्की त्यातलेच, पुढे त्यांच्याकडून हे एट्यूड जगभर गेले. म्हणून व्हिडिओ बघा, पण जमलं तर त्या परंपरेत शिकलेल्या माणसाची कार्यशाळा गाठाच, कारण ब्रेक कुठे लागतो ते पडद्यावर दिसत नाही. तोपर्यंत रोज तालमीच्या आधी पंधरा मिनिटं, काठी, दाक्तिल, आणि मग उजव्या हाताने झालं की तोच दगड डाव्या हाताने.