नदी न ओलांडता तिची रुंदी मोजायची तर

पलीकडच्या काठावरचं एक ठळक झाड निवडा. त्याच्या बरोबर समोर, पाण्यालगत खुंटी ठोका. तिथून झाडाच्या रेषेशी काटकोनात ५० मीटर टेप ताणा. काटकोनासाठी मी ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा त्रिकोण होईल अशा गाठी मारलेली दोरी वापरतो. नुसत्या नजरेवर माझा भरवसा नाही. टेपच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून टेप आणि झाड यांमधला कोन मोजा. ६०° आला तर अंतर ५० × १.७३२ (६०° चा टॅन्जंट, कोष्टकात मिळतो), म्हणजे ८६.६ मीटर.

पाया, म्हणजे टेपची ही लांबी, आखूड घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. इथे कोन १° जास्त वाचला तर साडेतीन मीटरच्या आसपास फरक पडतो; पाया १० मीटरचाच असता तर तोच फरक पंधरा मीटरवर गेला असता. म्हणून मी कोन तीनदा वाचतो.

कोष्टक जवळ नसेल तर खुंटीपासून टेपच्या रेषेत कोन ४५° होईपर्यंत सरळ चालत राहा. जेवढं चाललात, तेवढंच अंतर.