स्थापना स्क्रिप्ट आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: माझा अनुभव

नागपुरात धरमपेठेतील एका अभ्यासिकेच्या उबुंटू संगणकांवर जावावर चालणारी ग्रंथसूची प्रणाली बसवताना स्थापना स्क्रिप्ट विनातक्रार पूर्ण होत असे, परंतु नंतर टर्मिनलमध्ये ‘जावा_होम’ हे जावा कुठे बसवले आहे ते प्रोग्रॅमांना सांगणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (नाव आणि मूल्याची जोडी) रिकामेच आढळे. स्क्रिप्टमधील ‘एक्स्पोर्ट’ची, म्हणजे मूल्य ठरवून पुढच्या प्रोग्रॅमांना देणारी, ओळ अचूक होती, त्यामुळे ती ओळ नेमकी कुठपर्यंत लागू होते, हे तपासावे लागले.

प्रत्येक प्रक्रिया (चालू प्रोग्रॅम) आपल्या जनक प्रक्रियेकडून, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रक्रियेकडून, व्हेरिएबलांची प्रत घेऊन सुरू होते आणि त्या प्रतीतील बदल केवळ तिच्या अपत्य प्रक्रियांपर्यंत पोहोचतात, जनकाकडे कधीच परत जात नाहीत. म्हणून स्वतंत्र शेलमध्ये (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चाललेली स्क्रिप्ट संपताच तिने ठरवलेले मूल्यही नाहीसे होते. ‘सोर्स’ आज्ञेने स्क्रिप्ट चालू शेलमध्येच चालवता येते, पण तो उपाय त्या सत्रापुरताच असतो, शिवाय स्क्रिप्टमधील ‘एक्झिट’ तो शेलच बंद करते, हे मला धोक्याचे वाटते.

अखेर स्क्रिप्टने ‘/इटीसी/प्रोफाइल.डी’मध्ये ‘.एसएच’ने संपणारी छोटी फाइल लिहावी, अशी व्यवस्था केली. लॉगिन करताना सुरू होणारा शेल ती वाचतो, त्यामुळे पुन्हा लॉगिन केल्यावर सर्व वापरकर्त्यांना मूल्य मिळू लागले. प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारे ‘सूडो’ मात्र सामान्यतः बहुतेक व्हेरिएबल गाळून टाकते. तेथे मूल्य आज्ञेतच लिहिले. पार्श्वभूमीतील सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीच्या सेवाही प्रोफाइल वाचत नाहीत, म्हणून सेवेच्या युनिट फाइलमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ची ओळ जोडली; त्या ओळीत दिलेल्या फाइलीत ‘एक्स्पोर्ट’ न लिहिता केवळ नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य ठेवावे.