मोरीचा उतार आणि मिठीचा काठ : आर्किटेक्चरला येणाऱ्यांसाठी

बारावीला गणित घेतलं, नाटा ही प्रवेश परीक्षा दिली, कॉलेज मिळालं. आता पाच वर्षं चित्रं काढायची, अशा समजुतीत बरीच मुलं आर्किटेक्चरला येतात. चित्रं काढायची असतातच. पण मुंबईत काम करणार असाल तर पहिल्या वर्षापासून पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बघायची सवय लावून घ्या.

नोकरीला लागल्यावर माझ्या वाट्याला चाळीतल्या खोल्या आल्या. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, इतरत्रही फार वेगळं नाही. तेवढ्यात पोटमाळा हवा, लांब ओटा हवा, कपाट हवं. ही ओढाताण कागदावर सुटते. मोरी सुटत नाही. तिची लादी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निघून जाण्याच्या जाळीकडे, उतरली पाहिजे, मीटरला निदान एक सेंटिमीटर. मिस्त्री लेव्हल ट्यूब धरून उतार काढतो तेव्हा शेजारी उभे राहा, प्रश्न विचारा. वॉटरप्रूफिंग झालं की लादी बसवण्याआधी ट्रॅपचं तोंड बंद करायचं, पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छत बघायचं. त्या घरचे चहा देतात, जुन्या गळतीच्या तक्रारीही ऐकवतात. दोन्ही घ्या.

नदीकाठाचा प्रोजेक्ट स्टुडिओत, म्हणजे कॉलेजच्या डिझाइनच्या तासाला, हमखास येतो आणि नदी बहुतेक वेळा मिठीच असते. शीटवर जॉगिंग ट्रॅक, बाक, गुलमोहर, फुगा घेतलेलं पोर. ज्युरीत, म्हणजे मुलांचं काम तपासायला, बसल्यावर मला या पोराचा आता कंटाळा आलाय. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि सुमारे 18 किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम निघालं, काठाला भिंती आल्या. भिंतीमागच्या वस्तीला नदी दिसेनाशी होते, वास मात्र येतो. त्या वस्तीतल्या बायका कपडे कुठे वाळत घालतात, मुलं कुठे खेळतात, हे तुमच्या शीटवर आहे का? माझ्या मते खरा प्रोजेक्ट तिथे आहे.

दुसरी गोष्ट भरतीची. समुद्र साडेचार मीटरच्या वर चढला की पर्जन्यवाहिन्यांची बरीच मुखं बुडतात, आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असला तर पाण्याला वाटच उरत नाही. म्हणून बाक कोणत्या पातळीवर ठेवलाय ते सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रात, दाखवा. प्लॅनमध्ये, वरून बघितलेल्या चित्रात, सगळंच कोरडं दिसतं.

बघायला धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठा. मिठीकाठच्या जुन्या कचऱ्याच्या डेपोवर ते उभं आहे. दहिसर नदी आधी नॅशनल पार्कात बघा आणि मग पार्काबाहेर, तबेल्यांच्या खालच्या अंगाला. फरक सांगावा लागणार नाही. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाच्या पायऱ्यांवरही तासभर बसा, कोण कुठे टेकतं ते स्केच करा.

ट्रेनिंगचं ऑफिस निवडताना साइटवर पाठवतात का, एवढं आधी विचारा. डिग्री झाली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लांबवू नका. 1972 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. आणि पावसाळ्यात साइट मिळाली तर छत्री नको, रेनकोट घ्या. हातात टेप असतो.